मदत हवी आहे: कंपन्यांना माल विकताना मार्केटिंग नक्की कोणासाठी करायचं?

नमस्कार मंडळी,

आधी घरगुती वापराच्या वस्तूंच्या मार्केटिंगमध्ये होतो. आता पंपांसाठी मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्यापाशी द्रव गळू नये म्हणून बसवायचा भाग) बनवणाऱ्या एका लहान कंपनीचं काम बघतो. गिऱ्हाइकं सगळी कारखान्यांची.

अडचण अशी की मेन्टेनन्सचे इंजिनिअर आमचा सील लावून बघतात, खूश होतात, आणि मग परचेसमध्ये गाडी अडते. "सध्याचा सप्लायर ठीक आहे" यापलीकडे उत्तर नाही. भाव उतरवला, तरी हालचाल नाही.

थोडं वाचन केलं. वेबस्टर आणि विंड या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९७२ मध्येच मांडलंय की कंपनीची खरेदी एक माणूस करत नाही. वापरणारा वेगळा, मत देणारा वेगळा, ठरवणारा वेगळा, ऑर्डर काढणारा वेगळा आणि माहिती आत पोचू द्यायची की नाही हे ठरवणाराही वेगळाच. पटलं. पण आमच्याकडे माहितीपत्रक एकच, बजेट तुटपुंजं, आणि त्यातलं बरंचसं प्रदर्शनातल्या स्टॉलवर जातं. मग बोलायचं कोणाशी? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १ (जुना परचेसवाला)

टेबलाच्या पलीकडून सांगतो. सील स्वस्त पडला म्हणून माझी पाठ कोणी थोपटणार नाही. पण नवा सील गळून पंप बंद पडला, तर "सप्लायर कोणी बदलला?" हा प्रश्न पहिल्या तासात येतो. भाव उतरवून तुम्ही माझी ही भीती घालवत नाही, उलट शंका वाढवता. शिवाय सील निम्म्या किमतीत मिळाला म्हणून कारखाना दुप्पट सील घेणार आहे का? आमची गरज आमच्या उत्पादनावर ठरते.

१९६७ मध्ये रॉबिन्सन, फॅरिस आणि विंड यांनी खरेदीचे तीन प्रकार सांगितले: पहिल्यांदाच होणारी, थोडा बदल करून होणारी आणि जुनीच ऑर्डर पुन्हा काढायची. तुम्ही तिसऱ्या प्रकारात घुसू बघताय, तिथे बाहेरच्याला दार बंदच असतं. तेव्हा ती दुसऱ्या प्रकारात कधी जाते यावर लक्ष ठेवा. सप्लायरची डिलिव्हरी लांबली, पंप बदलले, पंपातलं द्रव बदललं, शटडाउन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवायचा काळ) जवळ आला, की आम्ही स्वतःच फोन फिरवतो. त्या वेळी तुमचं नाव आठवलं पाहिजे, आणि जाहिरातीचं खरं काम तेवढंच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक वाट राहिली. पंप बनवणाऱ्या कंपन्यांकडे जा. पंपात मुळातच तुमचा सील असेल, तर पुढचे सुटे भाग बहुतेक वेळा तसलेच मागवले जातात. आणि प्रकल्पाचे सल्लागार मंजूर मेकची, म्हणजे कोणत्या कंपन्यांचा माल चालेल याची, यादी करतात, त्यात नाव आलं तर परचेसशी वाद घालायची वेळच येत नाही. इंटेलने १९९१ पासून 'इंटेल इनसाइड' मोहीम चालवली, तेव्हा चिप विकत घेत होत्या कॉम्प्युटर कंपन्या, पण जाहिरात होती कॉम्प्युटर वापरणाऱ्यासाठी. त्या कंपन्यांच्या जाहिरातीचा काही खर्चही इंटेल उचलायची. एवढा पैसा तुमच्याकडे नसणार, पण दिशा तीच.

स्टॉलचा खर्च मी तरी अर्ध्यावर आणला असता. पिशव्या आणि पेनं गोळा करणारे लोक सील घेत नाहीत!

धागाकर्ता

दोघांचेही आभार. म्हणजे इंजिनिअरसाठी ड्रॉइंग आणि कोणत्या द्रवाला, किती तापमानाला कोणतं मटेरियल चालतं याचा तक्ता, आणि परचेससाठी ट्रायल रिपोर्ट, स्टॉकची हमी, लेखी वॉरंटी, असे दोन वेगळे संच करतो. ट्रायल रिपोर्ट आमच्या लेटरहेडवर द्यावा का?

प्रतिसाद १ (जुना परचेसवाला)

नको. तुमचा कागद म्हणजे आमच्या लेखी जाहिरात. फॉर्म तुम्ही तयार करून द्या, पण रीडिंग गिऱ्हाइकाच्याच मेन्टेनन्सने भरावीत आणि सही त्यांच्या इंजिनिअरची असावी. उद्या काही झालं, तर फाइलमध्ये दाखवायला मला तोच कागद लागतो. आणि जुन्या सीलची रीडिंग शेजारच्या रकान्यात घ्यायला विसरू नका.