सोलापूर ते इंदूर पार्ट लोड: कडक भाकरी, शेंगा चटणी, लोणचं. पेट्या कशा बांधाव्यात?

भाकरी_चटणी_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापूरहून इंदूरला दर महिन्याला ४० पेट्या ट्रान्सपोर्टने पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत, जाणार आहेत. माल तीन तऱ्हेचा: ज्वारीची कडक भाकरी (१० नगांचं पाकीट), शेंगा चटणी (२०० ग्रॅमचे पाऊच) आणि कैरीचं लोणचं (४०० ग्रॅम, काचेची बरणी). पहिल्या खेपेत भाकरीच्या तळातल्या पाकिटांचा चुरा झाला, चटणीच्या पेट्या तेलाने ओल्या झाल्या आणि दोन बरण्या फुटून खालची पेटीही वाया गेली. पेट्या सगळ्या ३ प्लायच्या (तीन थरांच्या पुठ्ठ्याच्या), ६०×४०×४० सेंमी. भाडंही जास्त लागलं, भाकरीच्या ६ किलोच्या पेटीला २१ किलोचं. काय बदलावं? आणि कागदपत्रांत काय बघावं?

पुठ्ठा_आणि_पट्टी

तिन्ही मालांना एकच पेटी वापरलीत, मूळ चूक ती आहे. लोणच्याच्या पेटीत वरचा भार बरण्या पेलतात. भाकरीच्या पेटीत तो एकट्या पुठ्ठ्याला पेलावा लागतो. चटणीचं दोन्हींच्या मधलं.

भाकरी: पाकिटं आडवी रचू नका, उभी लावा, ताटं उभी ठेवतो तशी. आणि एकच थर. भाकरी साधारण २२ सेंमीची असेल तर ४५×३७×२४ सेंमीच्या पेटीत दोन रांगांत १२ पाकिटं बसतात. पेटी ५ प्लायची हवी, चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे कोन, मध्ये एक उभा पडदा. भाड्याचं गणितही इथेच सुटतं. हलक्या पण मोठ्या पेटीला ट्रान्सपोर्टर खऱ्या वजनाऐवजी आकारावरून काढलेलं वजन लावतो: लांबी×रुंदी×उंची सेंमीत, भागिले ४५००. तुमच्या जुन्या पेटीचं ६०×४०×४० भागिले ४५०० म्हणजे २१.३ किलो, म्हणून २१ लावले. नव्या पेटीचं ८.९ येतं. जुन्या पेटीत १५ पाकिटं जात होती असं धरलं तरी पाकिटामागे भाडं जवळपास निम्म्यावर येईल. काही ठिकाणी ४५०० ऐवजी ५००० ने भागतात, बुकिंगआधी विचारून घ्या.

भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करू नका. कोमट असताना सील केली की आत बाष्प धरतं आणि इंदूरला पोचेपर्यंत ती सादळते. सादळलेली भाकरी चुरा होत नाही हे खरं, पण ती विकलीही जात नाही. साध्या पातळ पिशवीऐवजी मेटलाइज्ड (चंदेरी धातूचा लेप असलेलं) पाकीट घ्या आणि पेटीत प्लॅस्टिकचं अस्तर घाला.

चटणी: तेल पिशवीच्या अंगातून झिरपत नाही, सीलमधून येतं. भरताना चटणीचा कण किंवा लसणाचं साल तोंडाच्या कडेला चिकटतं, त्यावरूनच सील मशीनचा जबडा दाबला जातो आणि केसाएवढी वाट राहते. वरून पाऊच पक्का वाटतो. अंधारात मागून टॉर्च धरून सील बघा, पारदर्शक पाऊच असेल तर आडव्या पट्टीतून जाणारी उभी बारीक रेघ दिसते. मेटलाइज्ड असेल तर पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा, बुडबुडे येतात. उपाय साधा आहे: लांब दांड्याचं नरसाळं पाऊचच्या आतपर्यंत न्या, सीलपट्टी ८ ते १० मिमी ठेवा आणि दर तासाला चार-पाच पाऊच बादलीत तपासा. पेटीत पाऊच उभे लावा, ढिगाने टाकू नका. तेल पुठ्ठ्यात मुरलं की पेटी भार धरत नाही, म्हणून इथेही अस्तर लागतंच.

लोणचं: बरणी पेटी पडून फुटते त्याहून जास्त बरणीला बरणी आपटून फुटते. पुठ्ठ्याचे खाने बरणीच्या खांद्यापर्यंत तरी हवेत. तुमच्या पेट्यांत ते नसावेत किंवा बुटके असावेत. २० बरण्या एका थरात, ५×४ चे खाने, पेटी अंदाजे साडेतेरा किलोची. फार हलकी पेटी हमाल फेकतात, फार जड हातातून निसटते. १२ ते १५ किलोची दोन हातांनी नीट उचलली जाते. तेलावर झाकणाखाली साधारण १० मिमी जागा सोडा, कारण उन्हात तापलेल्या गाडीत तेल फुगतं आणि झाकणातून वाट काढतं. झाकणावर श्रिंक बँड (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची पट्टी) चढवा, नाहीतर हादऱ्यांनी ते उलटं फिरतं.

पाठवण्याआधी प्रत्येक प्रकारची एक भरलेली पेटी दोन फुटांवरून पाडून बघा: एक कोपरा, त्याच्या तीन कडा, मग सहाही बाजू. दहा वेळा.

बिल्टी_बघून_सही

वरचं सगळं बरोबर. आता कागद.

माल राज्याबाहेर विकताय, म्हणजे उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर परराज्यात माल विकता येत नाही. बिल आयजीएसटीचं, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीचं. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबरही हवा.

मालाची किंमत करासह ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद. भाग अ तुम्ही भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका, गाडी नंबरचा भाग ब तो भरेल. दर २०० किमीला एक दिवस मुदत, म्हणजे पोर्टलने अंतर ६०१ ते ८०० किमी काढलं तर चार दिवस. पार्ट लोडमध्ये माल वाटेतल्या गोडाऊनला उतरून दुसऱ्या गाडीत चढतो. तिथे भाग ब नव्याने भरला नाही तर गाडी अडते. मुदत संपायच्या आधी ८ तास आणि नंतर ८ तास, एवढ्यातच वाढवून मिळते.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टरच्या माल-पावतीवर) तीन गोष्टी वाचा: नग, आकारलेलं वजन, आणि 'ओनर्स रिस्क' (नुकसान मालकाच्या माथी) की 'कॅरियर्स रिस्क' (ट्रान्सपोर्टरच्या माथी). २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली, तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरला नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं ४,००० तर कमाल ४०,०००. दाव्याची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. त्यापेक्षा ट्रान्झिट विमा उतरवा.

इंदूरच्या दुकानदाराला एकच गोष्ट पक्की सांगून ठेवा. पेटी ओली, चेपलेली किंवा कमी असेल तर सही करण्याआधी पोच-प्रतीवर तसं लिहायचं आणि फोटो काढायचा. कोरी सही दिली की पुढे दावा फार अवघड होतो.

गोडाऊन_नाका

वासाचं कुणी बोललंच नाही. चटणी-भाकरीशेजारी अगरबत्ती, फिनेल, साबण किंवा खत आलं तर अस्तर असूनही वास धरतो. बुकिंगलाच सांगा की खाद्यमाल आहे, रसायनांबरोबर चढवू नका. आणि ते बिल्टीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं फक्त बुकिंग खिडकीपर्यंत राहतं.

पेट्या थेट फरशीवर ठेवू देऊ नका, खाली फळ्या किंवा पॅलेट. पावसाळ्यात तळाची पेटी खालून ओल धरते आणि तीच आधी बसते. विटांसारखी सांधेमोड करून रचाई करू नका. पेटीची ताकद कोपऱ्यांत असते, म्हणून कोपऱ्यावर कोपरा. आठ थर लागले तर लोणच्याच्या तळाच्या पेटीवर ९५ किलोच्या आसपास भार येतो, आणि सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात तो नुसता वरून राहत नाही, पुढे-मागेही ढकलतो. लोणचं तळाला, मग चटणी, भाकरी सगळ्यांत वर.

भाकरी_चटणी_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारतो: काच सोडून पेट (प्लॅस्टिकच्या) बरण्या घेतल्या तर?

पुठ्ठा_आणि_पट्टी

घ्या, पण पेटी बदलून. काचेची ४०० ग्रॅमची बरणी अंदाजे २२० ग्रॅमची, पेटची ३० ते ३५, म्हणजे २० बरण्यांमागे साडेतीन किलोच्या वर भाडं वाचतं. फुटण्याची भीती जाते, इंडक्शन सील (झाकणाखाली तोंडाला चिकटणारा फॉइलचा पडदा) चांगलं बसतं आणि तेल गळत नाही. पण पेट दाबाखाली चेपते, त्यामुळे भार पुन्हा पुठ्ठ्यावर येतो. काचेसाठी घेतलेल्या पेटीत पेट भरू नका. ५ प्लाय घ्या, बरणीच्या झाकणावर ३-४ मिमी मोकळं राहील अशी उंची ठेवा आणि खाने पेटीच्या पूर्ण उंचीचे करा, म्हणजे तेही भार उचलतील.