नातीबरोबर दोघंच असताना दुपार कशी घालवावी? सल्ला हवा

नवखे_आजोबा

नमस्कार मंडळी. नात साडेतीन वर्षांची आहे. आजवर ती भेटायची ती घर भरलेलं असताना, त्यामुळे माझं काम फोटोत उभं राहण्यापुरतंच. आता मुलीच्या कामाच्या वेळा बदलल्यात आणि आठवड्यातली एक दुपार नात आणि मी, दोघंच असतो. हिची नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे मदतीला कोणी नाही.

नात पिशवीभर खेळणी घेऊन येते, थोड्याच वेळात कंटाळते आणि विचारते, "आता काय?" मी काहीतरी नवीन काढतो. ते संपलं की पुन्हा "आता काय?" संध्याकाळपर्यंत माझा पार भुगा होतो. गुडघे कुरकुरतात, जमिनीवर बसलो तर उठताना खुर्ची धरावी लागते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तिचं निम्मं बोलणं कळतच नाही. मोबाइल द्यायचा नाही असं मुलीने बजावलंय आणि मलाही ते पटतं.

कुठले खेळ, कुठली पुस्तकं घ्यावीत? वेळापत्रक करावं का? आजी-आजोबांनी सांगाच, लहान मुलांच्या आईबाबांनीही सांगा.

सुईदोरा

काका, काही विकत आणू नका. "आता काय?" याचं उत्तर दरवेळी तुम्ही देता, म्हणून ती विचारते. तुमचं जे काम एरवी दुपारी चालतं ते तिच्यासमोर काढा आणि तिला त्यात घ्या. धुतलेले मोजे पलंगावर ओता, जोड्या तिला लावू दे. दोरीवरचे चिमटे काढून रंगाप्रमाणे डब्यात टाकू दे. झाडांना पाणी घालायचं असेल तर लहान भांडं तिच्या हातात द्या. या वयात खेळ वेगळा आणि काम वेगळं असं काही नसतं, तो फरक मोठ्यांचा.

फक्त तुमची घाई नको. जे काम पाच मिनिटांत उरकतं त्याला अर्धा तास लागेल, आणि तुम्हाला तर तेच हवंय! पाणी सांडणार, खाली जुना टॉवेल आधीच अंथरून ठेवा. तिने लावलेली जोडी चुकली तर लगेच सुधारायला जाऊ नका. एक लाल मोजा आणि एक निळा मोजा ही जोडी का, हे तिला विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

गुडघ्यांसाठी: जमिनीवर बसूच नका. तुम्ही बुटक्या स्टुलावर, ती पलंगापाशी उभी. उंची बरोबर जुळते.

बालवाडीताई

सुईदोरा यांना +१. मी दोन गोष्टींवर लिहिते, कान आणि पुस्तकं.

वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. लहान मुलांचा आवाज नेमका तसाच, त्यात स, श, फ ही अक्षरं हमखास निसटतात. त्यामुळे तुमचं लक्ष नाही असं अजिबात नाही. तिला डाव्या बाजूला किंवा अगदी समोर बसवा, चेहरा उजेडात हवा. पंख्याचा आवाज येत असेल तर वेग कमी करा, टीव्ही बंदच ठेवा. आणि कळलं नाही तर नुसतं "हो हो" म्हणू नका, मुलांना ते लगेच समजतं. "नीट ऐकू आलं नाही, दाखव बरं" म्हणा. मग ती दुसरे शब्द शोधते, हातवारे करते. तिच्या भाषेला त्याचा फायदाच आहे. कानांची तपासणी मात्र करून घ्या, नातीसाठी नाही तर तुमच्यासाठी.

पुस्तकं दोन-तीन पुरेत, चित्रं मोठी असलेली. वाचून दाखवण्यापेक्षा विचारा जास्त. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचं सार हेच: "हा कुत्रा आहे ना?" असं न विचारता "हा काय करतोय?" असं विचारायचं, मुलाच्या उत्तरात एखादा शब्द वाढवून ते परत म्हणायचं, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचं काम मुलाकडे सोपवायचं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (२०११) वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा त्याच गोष्टी परत ऐकणाऱ्यांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले होते.

उंटावरचा_शहाणा

सगळे चिमटे-मोजे घेऊन बसलेत, पोरीला पळायला कोण नेणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना वाचा. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितकं बरं. दुपारभर घरात बसवलेलं मूल संध्याकाळी आदळआपट करणारच.

आल्या आल्या बाहेर न्या. तुम्ही बाकावर बसून हुकूम सोडायचे: त्या झाडाला हात लावून ये, आता उड्या मारत ये, आता मागे चालत ये. गुडघ्यांना काहीही होत नाही. नंतर अधूनमधून तिला हुकूम सोडू द्या. तिचं ऐकून तुम्ही नुसते हात वर केलेत तरी ती खूश.

आणि वेळापत्रक कराच. घड्याळाचं नको, क्रमाचं. बाहेर, मग खाणं, मग पुस्तक, मग लोळणं. दरवेळी तोच क्रम राहिला की "आता काय?" याचं उत्तर तिलाच माहीत असतं.

सुईदोरा

क्रम म्हणत असाल तर मान्य. लोळणं हा कार्यक्रम असू शकतो हे तर फारच मान्य.

जुळ्यांची_आई

थोडं रुक्ष लिहिते, पण घर एरवी मोठ्यांचंच आहे म्हणून. रोजच्या गोळ्यांचा वारांचे कप्पे असलेला डबा मुलांना सहज उघडता येतो, तो उंचावर आणि बंद कपाटात ठेवा. रिमोटमधले किंवा श्रवणयंत्रातले चपटे गोल सेल फार धोकादायक. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठायचं.

हात धरून गरगर फिरवणं किंवा एका हाताने ओढून उचलणंही टाळा, या वयात कोपराचं हाड पटकन सरकतं. उचलायचं तर काखेत धरून.

नवखे_आजोबा

सर्वांचे आभार. चिमटे चालले, अगदी जोरात. रंगाप्रमाणे लावायचे सोडून तिने ते माझ्या सदऱ्याला लावले आणि मी साळिंदर झालो. बराच वेळ तसाच बसून होतो. श्रवणयंत्र अजून घेतलेलं नाही, पण रिमोट उंचावर ठेवलाय.

एक राहिलं. ती रडते म्हणून मुलगी तिची नजर चुकवून निघून जाते. मग माझ्याकडे शोधाशोध आणि जास्तच रडारड. काय करावं?

बालवाडीताई

नजर चुकवून जाणं बंद करायला सांगा. आई कधीही गायब होऊ शकते असं कळलं की मूल तिला सोडतच नाही. दारातच निरोप, थोडक्यात, आणि परत कधी येणार ते घटनेने सांगायचं: "पुस्तक वाचून झालं, लोळून झालं की मी येते." पाच वाजता म्हणजे काय ते तिला कळत नाही. रडली तर रडू द्या, "आई गेली म्हणून वाईट वाटतंय ना" एवढं म्हणा आणि जवळ बसा. लगेच खेळणं पुढे करू नका.

पिंपळपार

धागा पळवतोय, क्षमस्व. माझा नातू नऊ महिन्यांचा. आधी सगळ्यांकडे जायचा, आता मी हात पुढे केला की भोकाड. चिमटे-मोजे तर दूरच!

बालवाडीताई

त्याचं वयच ते आहे हो. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास आपली माणसं आणि बाकीची माणसं हा फरक मुलं दाखवायला लागतात, रोज न दिसणारे आजोबाही बाकीच्यांत जातात. हात पुढे करू नका. तो आईच्या मांडीवर असताना शेजारी बसा, त्याच्याकडे न बघता एखाद्या डब्याचं झाकण उघडझाप करत राहा. तो स्वतः वाकून डब्याला हात घालेल तेव्हा डबा द्या, त्याला उचलून घेण्याची घाई नको. आणि बाळ लहान आहे तोवर दोघांनाच ठेवण्याआधी आईला शेजारच्या खोलीत थोडा थोडा वेळ बसवून बघा.