चीनमध्ये नोकरी करताना रोजच्या कुठल्या गोष्टींचं नवल वाटलं?

मंडळी, पुढच्या महिन्यात सुझौला कामासाठी जायचंय, व्हिसा वगैरे झालंय, पण ऑफिसात आणि रोजच्या वागण्यात काय वेगळं असतं ते तिथे राहिलेल्यांनी सांगा ना.

प्रतिसाद १:
मी शांघायला होते. आमच्याकडे दुपारी जेवण झालं की ऑफिसातले दिवे बंद आणि लोक फोल्डिंग कॉट उघडून चक्क झोपायचे, मॅनेजरसुद्धा! त्या वेळात कुणाला उठवू नका, फोनही नको. आणि प्यायला गरम पाणी, उन्हाळ्यातही, रेल्वेच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो. मला फार आवडलं हे.

प्रतिसाद २:
सुट्ट्यांचं गणित आधी समजून घ्या. १ ऑक्टोबरपासून मोठी सुट्टी असते, पण त्यातले काही दिवस आधीच्या नाहीतर नंतरच्या शनिवार-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात, सरकारच तसं वेळापत्रक काढतं, त्यामुळे रविवारी ऑफिस भरलेलं दिसलं तर दचकू नका. फिरायचं असेल तर रेल्वेचं बुकिंग १५ दिवस आधी उघडतं, तेव्हाच करा, नंतर तिकीट मिळणं कठीण.

प्रतिसाद ३:
भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते. अलीपे आणि वीचॅटला आपलं कार्ड निघायच्या आधीच जोडून ठेवा. व्हॉट्सअॅप तिथे बंद, घरच्यांना आत्ताच सांगा. आणि हॉटेल सोडून भाड्याच्या घरात गेलात की २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची, हे अजिबात टाळू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार! पोलीस नोंदीचं माहीतच नव्हतं, घरमालकाला आजच विचारतो.