परत आलेला माल : छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मी नाशिकची. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेते आणि ऑनलाइन विकते, चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक साडी परत आली. कारण काय तर "रंग आवडला नाही". पार्सल उघडलं, रंग तोच, मोरही तसेच, मी घडी मोडून उलटी केली आणि हात गारच पडले. काठाच्या मागे सगळे सुटे धागे लोंबत होते. हातमागाची पैठणी मागून पुढून सारखी दिसते हो, ती ओळखायची खूणच आहे, म्हणजे माझी साडी ठेवून घेतली आणि पॉवरलूमची परत पाठवली. मी पॅक करतानाचा व्हिडिओ काढला नव्हता. मार्केटप्लेसकडे तक्रार केली, फोटो दिले, त्यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून क्लेम बंद केला. विणकराचे पैसे मी आधीच दिलेले, दीड महिना माग चालला होता त्या साडीसाठी. दोन रात्री झोप नाही लागली. आता पदराला नंबर असलेला प्लास्टिकचा सील लावते आणि बिलावर लिहिते की सील कापला किंवा फॉल-पिको केलं की साडी परत नाही. तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा, नवीन सुरू करणाऱ्या मुलींना उपयोग होईल.

*

ताई, वाचून वाईट वाटलं. आमची देवगडला हापूसची कलमं आहेत, पेट्या थेट घरपोच पाठवतो. आमच्याकडे परत काय येणार, आंबा परत आला तरी फेकायचाच, त्यामुळे सगळा मामला फोटोवर. साका असेल तर पैसे देतोच, कारण साक्याचा आंबा बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही, कापल्यावरच आतला पांढरट भाग दिसतो, त्यात गिऱ्हाइकाची काय चूक. पण एकांनी पाच आंबे साक्याचे म्हणून पाच फोटो पाठवले, नीट बघितलं तर एकच फोड पाच बाजूंनी, ताटाच्या कडेचा टवकासुद्धा तोच. फोन करून शांतपणे विचारलं तर आवाज चढवला, रिव्ह्यू खराब टाकीन म्हणाले. मी एकाच आंब्याचे पैसे दिले आणि रिव्ह्यू टाकू दिला. त्याखाली आमचं उत्तर लिहिलं, फोटोंसकट. दुसरा त्रास म्हणजे कच्ची पेटी फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग आंबे पिकलेच नाहीत म्हणतात. आता पेटीत वरच चिठ्ठी असते, गवतातच राहू द्या, फ्रीज नको, आणि साका निघाला तर कापलेले सगळे आंबे एकाच ताटात ठेवून एकच फोटो पाठवा. तेव्हापासून तक्रारी कमी झाल्यात हे खरं.

*

डोंबिवली, बेडशीट. कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा एवढंच सांगेन. दारात पार्सल नाकारतात, जायचं-यायचं दोन्ही कुरियरचं भाडं आपल्या डोक्यावर. मी आगाऊ पैसे भरणाऱ्याला पन्नास रुपये कमी करते. ऑर्डरी घटल्या, पण हातात राहणारे पैसे वाढले.

*

कोल्हापुरी चप्पल विकतो आम्ही, वडिलांपासूनचं काम. एका गिऱ्हाइकाने "चप्पल आवाज करते, डिफेक्टिव्ह आहे" म्हणून परत केली! करकर वाजणारी पाहिजे म्हणून मुद्दाम मागणारे लोक आहेत आमच्याकडे. पण राग गिळला आणि विचार केला की बंगलोरच्या माणसाला हे कुठून माहीत असणार, आपणच सांगायला हवं होतं. आता प्रत्येक जोडीच्या माहितीत लिहिलंय, आवाज येतो, सुरुवातीला घट्ट बसते, चामडं पायाप्रमाणे सैलावतं, तेल लावून ठेवा, पावसात घालू नका. घालून बघायची तर घरात, फरशीवर, तळ मळला असेल तर परत घेत नाही. लग्नात दिवसभर मिरवून तळाला चिखल असलेली जोडी परत आलीय आमच्याकडे, "एकदाही घातली नाही" असं लिहून. ती घेतली नाही, फोटो काढून त्यांच्याच खर्चाने परत पाठवली.

*

मी थोडं वेगळं लिहिते, कुणी रागावू नका. ठाण्याहून लहान मुलींची परकर-पोलकी विकते. बिलावर ठळक छापलं होतं, नो रिटर्न नो रिफंड. एका बाईंनी माप चुकलं म्हणून परत मागितलं, मी हटून बसले, त्यांनी 2020 चे ई-कॉमर्सचे नियम दाखवले. त्यात स्पष्ट आहे की माल सदोष असेल, दाखवल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तरी मला वाटलं बाई भांडकुदळ आहेत. शेवटी त्याच लॉटमधलं दुसरं पोलकं टेपने मोजलं तर छाती दीड इंच कमी. टेलरने चुकीचं कापलेलं, मी तपासलंच नव्हतं. पैसे दिले, माफी मागितली. त्यांनी नंतर दोनदा ऑर्डर दिली. तेव्हापासून कुणी तक्रार केली की आधी टेप हातात घेते, मग फोन.

*

माझा दिवाळी फराळ, पुण्याहून परदेशात जातो. चकल्यांचा चुरा झाला म्हणून एका दादांनी पूर्ण बॉक्सचे पैसे मागितले, लाडू-शंकरपाळे खाऊनसुद्धा. मी फक्त चकलीचे दिले आणि लिहिलं, दादा, बाकीचं तुम्हाला आवडलं ना, मग त्याचे पैसे माझ्याकडे फराळ करणाऱ्या बायकांच्या मजुरीचे आहेत. ते काही बोलले नाहीत. चकल्या आता कडक डब्यात, थराथरात कागद घालून जातात.

*

सगळ्यांचे आभार. ठाण्याच्या ताईंचं मनाला लागलं, मीही दोन तक्रारी न तपासताच नाकारल्या होत्या, आज त्या दोघींना फोन करते. आणि आजपासून प्रत्येक साडीचा पॅक करताना व्हिडिओ, दोन्ही बाजू दाखवून, सीलचा नंबर आणि कुरियरचं लेबल एकाच शॉटमध्ये. ती पॉवरलूमची साडी अजून कपाटात आहे. हातमागाची म्हणून मी ती कुणाला विकणार नाही.