सीसीडीई प्रात्यक्षिक परीक्षा : दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

सिस्कोच्या सीसीडीई या नेटवर्क डिझाइनमधील तज्ज्ञ पातळीच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊ शकलो नाही. दुसऱ्यांदा बसण्यापूर्वी तयारीची पद्धत मुळापासून बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे किंवा जे रोजच्या कामात मोठ्या नेटवर्कचे आराखडे करतात, अशा जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मी पुण्यात राहतो आणि या क्षेत्रात मला तेरा वर्षे झाली. त्यांतली पहिली आठ वर्षे बिघाड दुरुस्त करण्यात, बहुतेक रात्रपाळीत गेली. पुढची वर्षे दुसऱ्यांनी केलेले आराखडे प्रत्यक्ष उभे करण्यात गेली. सीसीआयई ही सिस्कोची तज्ज्ञ पातळीची दुसरी परीक्षा पूर्वीच झाली आहे. सीसीडीईची ४००-००७ ही १२० मिनिटांची लेखी परीक्षाही पहिल्याच प्रयत्नात पार पडली, त्यामुळे प्रात्यक्षिकालाही हाच अभ्यास पुरेल असे मी धरून चाललो होतो.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रात्यक्षिक आठ तासांचे असते. प्रत्येकी दोन तासांचे चार प्रसंग दिले जातात. त्यांतले तीन सर्वांना समान विषयांवरचे असतात आणि एक उमेदवाराने निवडलेल्या क्षेत्रातला असतो. राउटरला हात लावायचा नसतो, एकही कमांड द्यायची नसते. कंपनीची माहिती, नकाशे, अधिकाऱ्यांचे ईमेल असे कागद टप्प्याटप्प्याने समोर येतात, त्यांवरून निर्णय घ्यायचे असतात आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या उत्तराकडे परतता येत नाही. गोपनीयतेचा करार असल्यामुळे परीक्षेतील कोणताही प्रश्न मी इथे सांगणार नाही; खालची दोन्ही उदाहरणे आमच्या सरावातली आहेत.

पहिले उदाहरण दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचे आहे. मार्ग ठरवण्यासाठी मोठ्या कंपनीत ओएसपीएफ आणि विकत घेतलेल्या कंपनीत ईआयजीआरपी हा वेगळा प्रोटोकॉल, आणि दोन्हीकडे १०.०.०.०/८ या खासगी गटातले एकमेकांवर येणारे पत्ते. दोन्ही नेटवर्के दोन ठिकाणी जोडून एका महिन्यात सामाईक सेवा सुरू करायच्या होत्या. मी दोन्ही सीमांवर परस्पर रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात घालणे, सुचवले. ईआयजीआरपीच्या बाह्य मार्गांचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कमी आकड्याचा मार्ग राउटर आधी निवडतो) १७० आणि ओएसपीएफचा ११० असल्यामुळे एका सीमेवरून गेलेला मार्ग दुसऱ्या सीमेवरून उलट फिरून येऊ शकतो, म्हणून मार्गांवर ओळखीचे टॅग कुठे लावायचे आणि कुठे गाळायचे हेही सविस्तर लिहिले. ते तांत्रिकदृष्ट्या चालले असते. पण माझा कागद तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वित्त विभागाच्या पत्रातल्या चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारले, "दोन वर्षांत यातला एक विभाग विकण्याचा विचार आहे असे इथे लिहिले आहे. तेव्हा हे सगळे उकलायला किती रात्री लागतील?" तो परिच्छेद मी वाचला होता, त्याखाली रेघही ओढली होती, पण त्याचा माझ्या उत्तराशी काही संबंध आहे हे मला जाणवलेच नव्हते. सीमेवर बीजीपी (स्वतंत्र नेटवर्कांत मार्गांची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) ठेवले असते तर कोणते मार्ग कोणाला द्यायचे हे एकाच जागी ठरले असते, एकीकडच्या अस्थिरतेची झळ दुसरीकडे कमी पोहोचली असती आणि पुढे तो विभाग वेगळा करणेही सोपे गेले असते. पत्त्यांच्या अडचणीवर तात्पुरते नॅट, म्हणजे सीमेवर पत्ते बदलून देणे, पुरेसे होते.

दुसऱ्या उदाहरणातली चूक मला अधिक लागली, कारण हा विषय मला पक्का येतो असा माझा समज होता. अ, ब, क, ड अशा चार राउटरांची रिंग, सर्व दुव्यांचे मूल्य समान, आणि दुवा तुटल्यास वाहतूक एका सेकंदाच्या आत पूर्ववत व्हावी अशी मागणी. मी ताबडतोब एलएफए लिहिले, म्हणजे दुवा तुटताच वाहतूक आधीच ठरवलेल्या पर्यायी शेजारी राउटरकडे वळवण्याचे तंत्र. आता आकडे पाहा. अ आणि ब यांमधला दुवा तुटला, तर अ ला उरलेला शेजारी ड. ड पासून ब चे अंतर २ आणि ड वरून अ मार्गे ब चे अंतरही २. एलएफएला पहिले अंतर दुसऱ्यापेक्षा निखालस कमी लागते. म्हणजे या रिंगमध्ये ब साठी पर्यायी शेजारी मिळतच नाही. रिमोट एलएफएने क पर्यंत टनेल काढून वाट निघते, पण त्यासाठी सहसा एमपीएलएस (लेबल लावून वाहतूक पुढे पाठवण्याचे तंत्र) लागते आणि तिथल्या चमूला ते येत नाही असे कागदांत स्पष्ट लिहिले होते. मागणी एका सेकंदाची असताना बीएफडी (दुवा तुटल्याचे झटकन ओळखणारे तंत्र) आणि नीट बसवलेले एसपीएफ टायमर (नवे मार्ग मोजण्याच्या वेळा) पुरेसे होते. मला ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळवण्याचे उत्तर येत होते, म्हणून मी तेच दिले.

या दोन्ही ठिकाणी माझा हात माहीत असलेल्या तंत्राकडे आधी जातो आणि कारणे मी मागाहून शोधतो. बिघाडाच्या वेळी हीच सवय उपयोगी पडत आली, त्यामुळे ती सुटणे अवघड जात आहे. सध्या मी प्रत्येक सराव प्रसंगासाठी कागदावर तीन रकाने आखतो : गरज, मर्यादा आणि गृहीतक. त्यांत नोंद झाल्याशिवाय कोणत्याही प्रोटोकॉलचे नाव लिहायचे नाही, असा नियम केला आहे. याचा उपयोग होतो, पण रकाने भरण्यातच पस्तीस-चाळीस मिनिटे जातात आणि शेवटचे प्रश्न घाईत उरकावे लागतात.

म्हणून विचारतो. दोन तासांच्या प्रसंगात पहिले वाचन किती वेळ करावे, आणि मधेच नवा ईमेल येऊन आधीची मर्यादा बदलली तर नोंदी कशा सुधाराव्यात? दोन पर्याय तांत्रिकदृष्ट्या तुल्यबळ असतील आणि कागदांत खर्च, मनुष्यबळ व वाढीचा वेग या तिन्हींचे उल्लेख असतील, तर कोणता उल्लेख निर्णायक धरायचा हे आपण कशावरून ठरवता? साधेपणाच्या तत्त्वासाठी इंटरनेटच्या रचनेविषयीचा २००२ मधला आरएफसी ३४३९ हा दस्तऐवज मी पुन्हा वाचतो आहे; या धर्तीचे आणखी काही वाचण्याजोगे असल्यास कळवावे. प्रश्नांचे डम्प (परीक्षेतून फुटलेले प्रश्नसंच) मात्र कृपया कोणी पाठवू नयेत. मला ते वापरायचे नाहीत.

आणखी एक विनंती. दर शनिवारी सकाळी दोन तास, मराठीतून, एकमेकांचे आराखडे तपासण्याचा लहानसा गट सुरू करण्याची माझी इच्छा आहे. स्वतःच्या निर्णयाचे कारण मातृभाषेत समोरच्याला सांगू लागलो की त्यातली पोकळ जागा मला लवकर दिसते, हा गेल्या दोन महिन्यांचा अनुभव आहे. चार-पाच जण पुरेत, आणि त्यांत वेगळ्या कामाचा अनुभव असलेले, विशेषतः बँकेचे किंवा दूरसंचार कंपनीचे नेटवर्क सांभाळलेले कोणी असल्यास फार बरे होईल. इच्छुकांनी आपल्याला सोयीची वेळ इथेच लिहावी. पहिल्या शनिवारी मी वरचा विलीनीकरणाचा प्रसंग सर्व कागदांसह मांडेन.