लघवी सुटण्याच्या त्रासासाठी माणूस शेवटी दवाखान्यात कधी जातो?

सिंदफणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव माजलगाव तालुक्यात आहे आणि प्रश्न माझ्या आईविषयी आहे. तिचे वय 61. गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेले असताना तिची वाकळ उन्हात टाकायला उचलली, तर आतल्या थराला युरियाच्या गोणीतले प्लास्टिक शिवलेले दिसले. टाके बारीक आणि सरळ होते, म्हणजे हे काम तिने एखाद्या रात्री घाईने उरकलेले नव्हते. मागच्या पडवीत दोरीवर जुन्या लुगड्याच्या चौकोनी घड्या वाळत होत्या आणि त्या कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर टॉवेल पसरलेला होता. विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "वयाचं आहे गं, चालायचंच."

नंतर एकेक गोष्ट जुळत गेली. लघवी लागली की मोरीच्या दाराची कडी काढेपर्यंतही तिला दम धरवत नाही. परभणीच्या मावशीकडे जाणे तिने एस.टी.च्या प्रवासामुळे बंद केले आहे. एप्रिल-मेच्या उन्हातही ती दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन पेले पाणी पिते. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वर्षानुवर्षे बायकांच्या पहिल्या रांगेत बसणारी माझी आई यंदा कीर्तनाला मंडपाबाहेर लिंबाखाली बसली आणि कोणी विचारले की गुडघ्यांचे नाव सांगत राहिली.

मला औषधाचे नाव नको आहे. आपल्यापैकी किंवा आपल्या घरातल्या ज्यांना हा त्रास होता आणि जे अखेर डॉक्टरांकडे गेले, ते नेमके कशामुळे गेले, एवढे जाणून घ्यायचे आहे. मी सात-आठ वेळा "दवाखान्यात चल" म्हटले आहे. दर वेळी ती हो म्हणते आणि निघायच्या दिवशी तिला काहीतरी काम निघते.

खडू-फळा

ताई, मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय 44. माझा त्रास तुमच्या आईच्या त्रासापेक्षा वेगळ्या जातीचा होता. मला घाई लागत नसे. मात्र खोकला, शिंक किंवा जोराचे हसू आले की थोडी लघवी सुटत असे. दुसऱ्या बाळंतपणानंतर हे सुरू झाले आणि नऊ वर्षे मी ते अंगावर काढले. या नऊ वर्षांत मी गडद रंगाखेरीज साडी घेतली नाही, मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारल्या नाहीत आणि प्रत्येक तासिकेच्या आधी लघवीला जाऊन येण्याची सवय लावून घेतली. इतकी व्यवस्था लावल्यावर त्रास आहे असे वाटणेच बंद होते. माझ्या मते दवाखाना लांबतो तो या व्यवस्थेमुळे, लाज नंतरची.

मी गेले त्याचे कारण अगदी किरकोळ वाटेल. एका प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतर आम्ही पाच-सहा जणी बसलो असताना शेजारच्या बाईंनी, भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज, सांगितले की त्यांची लघवी सुटत असे आणि व्यायामाने ती बरीच थांबली. तोपर्यंत यावर शस्त्रक्रियेवाचून काही उपाय असतो हे मला ठाऊकच नव्हते. त्रास नऊ वर्षे तेवढाच होता, तो त्या दिवशी वाढला नव्हता. माहिती मात्र त्या दिवशी मिळाली.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, ते आवळून धरायला त्यांनी शिकवले. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगेल व्यायाम म्हणतात. चौघांत बसल्यावर वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तीच ती जागा. पोट, मांड्या आणि ढुंगण मात्र सैल राहिले पाहिजे आणि श्वास रोखायचा नाही. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही आणि मी सोडून देणार होते. चौथ्या महिन्यात फळ्यावर लिहिता लिहिता शिंक आली आणि कपडे कोरडे राहिले. आजही सर्दी-खोकल्याच्या दिवसांत थोडे सुटते, ते मी खोटे सांगणार नाही.

जुनी वाट

आमच्याकडे यासाठी काळे तीळ आणि गूळ रोज सकाळी देतात. आजीच्या काळापासून चालत आलेले आहे. साठीनंतर प्रत्येकाला थोडेफार होतेच, त्यासाठी वृद्ध बाईला तपासणीच्या खोलीत कशाला न्यायचे?

पूर्णाकाठ

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही, कारण "वयाचे आहे" या दोन शब्दांनी आमचे मोठे नुकसान केले. माझे अब्बा 70 वर्षांचे आहेत. सुरुवातीला लघवीची धार बारीक झाली, पुढे लघवी करून उठल्यावर पायजम्यात थेंब पडू लागले आणि मग दिवसभर थेंब थेंब गळती सुरू झाली. अब्बांना सर्वांत मोठी काळजी नमाजची होती. वुजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुऊन होणारी शुद्धी) टिकत नाही आणि कपडे पाक राहत नाहीत, म्हणून ते मशिदीत जायचे टाळू लागले. मौलाना समजूतदार होते. ज्याची गळती थांबतच नाही तो माजूर, म्हणजे अडचणीमुळे सवलत मिळालेला असतो, त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू करावा आणि निर्धास्तपणे नमाज पढावी, असे त्यांनी समजावले. अब्बांच्या मनावरचे ओझे उतरले. मौलानांचे म्हणणे योग्यच होते, पण मन हलके झाल्यावर दवाखान्याची निकड कोणालाच उरली नाही आणि आणखी एक वर्ष गेले. खडू-फळा ताईंनी व्यवस्थेविषयी जे लिहिले आहे, त्याचे हे आमच्या घरचे उदाहरण समजावे.

शेवटी ते गेले ते माझ्या बहिणीच्या सासरी रात्री गादी ओली झाली तेव्हा. सकाळी ते कोणाशी न बोलता पहिल्या गाडीने परत आले आणि दारातच म्हणाले, "आज चल." स्वतःच्या घरात जे दोन वर्षे चालले, ते व्याह्यांच्या घरात एक रात्र चालले नाही.

तपासणीत कळले की प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्यामुळे लघवीची पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नव्हती. भरलेल्या रांजणातून पाणी ओसंडावे तसे वरचे वर गळत होते. नळी घातली तेव्हा 900 मिलीलिटर लघवी निघाली. माणसाला साधारण 300 ते 500 मिलीलिटरला चांगली लघवी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिशवीची अवस्था कळेल. मूत्रपिंडांवरही ताण आला होता. आधी गोळ्या झाल्या, मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आणि आता ते पाचही वेळा मशिदीत जातात. गळते म्हणजे पिशवी रिकामी होते आहे, असा आमचा समज होता. तो कोणीही करून घेऊ नये.

निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

सिंदफणाकाठ, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण बाह्यरुग्ण विभागातल्या माझ्या सबंध नोकरीत मी याचे उत्तर बघत आले. केवळ या त्रासासाठी म्हणून सुरुवातीलाच आलेली बाई क्वचित दिसे. बहुतेक जणी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला, सुनेच्या तपासणीला सोबत म्हणून किंवा कंबरदुखीसाठी येत आणि चिठ्ठी हातात घेऊन दारापर्यंत गेल्यावर मागे वळून हळूच म्हणत, "अजून एक होतं." डॉक्टरांनी स्वतःहून विचारले तर दहा वर्षांचे एका दमात सांगत. म्हणजे निर्णय घरी झालेला असतो, तोंड मात्र कोणीतरी विचारल्याशिवाय उघडत नाही.

किती लघवी सुटते यावर हा निर्णय फारसा अवलंबून नसतो, असेही मी पाहिले. चमचाभर सुटणारी बाई लवकर येते, कारण तिचे भजनी मंडळ सुटते आहे; दिवसाला चार लुगडी बदलणारी येत नाही, कारण तिचे जग आधीच उंबऱ्यापर्यंत आलेले असते. आपली सोडायची नाही अशी एखादी गोष्ट हातची जाऊ लागली की माणूस उठतो. तुमच्या आईच्या बाबतीत ती गोष्ट कोणती, हे तुम्हीच लिहून ठेवले आहे.

आता एक अडसर सांगते, जो आपल्या भागात फार मोठा आहे आणि शिकलेल्या मुलींच्या लक्षात येत नाही. आपण गर्भाशयालाही "पिशवी" म्हणतो आणि मूत्राशयालाही "लघवीची पिशवी" म्हणतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, ते 2019 साली सगळ्या महाराष्ट्राने ऐकले. शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. ज्या बाईच्या भावकीत, शेजारात अशा चार जणी आहेत, तिला "पिशवीचा त्रास आहे, दवाखान्यात चल" म्हटले की तिच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचे टेबल उभे राहते. गर्भाशय काढणे हा लघवी सुटण्यावरचा उपाय नाही, उलट काही जणींना त्या शस्त्रक्रियेनंतरच हा त्रास सुरू होतो, हे आईंना स्पष्ट शब्दांत सांगा. आणि "त्रास" असा मोघम शब्द वापरू नका, "लघवी थांबत नाही का?" असे सरळ विचारा.

तपासणीत घाबरण्यासारखे काही नसते. लघवी व साखर तपासतात, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत पाहतात, खोकायला सांगून स्त्रीरोगतपासणी करतात आणि चालू गोळ्यांची यादी बघतात, कारण रक्तदाबासाठी दिलेल्या पाण्याच्या गोळीनेही खेपा वाढतात. स्त्री डॉक्टर हवी असे सांगायला संकोच करू नये. अशी घाई असणाऱ्यांना लघवीची वेळ थोडी थोडी लांबवत नेण्याची सवय निदान सहा आठवडे लावतात, चहा कमी करायला सांगतात आणि गरज पडली तरच गोळी देतात. त्या गोळ्यांपैकी काहींनी तोंड कोरडे पडते, शौचास कडक होते आणि म्हाताऱ्या माणसांना गोंधळल्यासारखे होते, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नये. पाणी तोडल्याने तर उलटच होते: लघवी दाट होऊन पिशवीला चुरचुरते, घाई वाढते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

लघवीतून रक्त येणे, लघवी अडणे, तापासोबत पाठीत दुखणे, किंवा पाय लुळे पडून बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी जावे. बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस सतत लघवी झिरपत असेल तर मूत्राशयाला छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते. तिथे व्यायाम चालत नाहीत, बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते.

"जुनी वाट" यांना एकच विनंती आहे की गूळ देण्यापूर्वी साखर तपासून घ्यावी.

सिंदफणाकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

मी आईला परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे सरळ विचारले. ती बराच वेळ ज्वारी निवडत राहिली आणि मग म्हणाली, "पिशवी काढतील ना?" आमच्या चुलत्यांच्या दोन्ही सुनांची ती शस्त्रक्रिया झालेली आहे आणि एकीची त्यानंतर कंबर धरली ती सुटली नाही. आई इतके दिवस दवाखाना का टाळत होती हे मला त्या वाक्याने कळले. मी मात्र लाज, लाज असेच समजत होते. कोणतीही पिशवी काढणार नाहीत, असे मी तिला दोनदा सांगितले. मग तिने स्वतःच विचारले, "पुढच्या सप्ताहापर्यंत बसता येईल का मांडी घालून?" मी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसली होती.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि उपाशीपोटीची साखर 212 आली. तिला मधुमेह आहे हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. (तीळगूळ आम्हीही दोन हिवाळे दिला होता, हे कबूल करते.) साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, संसर्गाचे औषध पूर्ण झाले, आणि रात्रीच्या पाच खेपा तीनवर आल्या आहेत. घाई अजून आहे. डॉक्टरांनी पाण्याची आणि लघवीची तीन दिवसांची नोंद मागितली आहे. आईला लिहिता येत नाही, म्हणून तिने न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. माझा भाचा संध्याकाळी त्या मोजून वहीत उतरवतो आणि आजीला हिशेब विचारतो. परिचारिकाताई, एक शंका आहे. रात्रीच्या खेपा दिवसाच्या खेपांबरोबर धरायच्या की वेगळ्या?

निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

वेगळ्या धरा. झोपेतून ज्यांच्यासाठी उठावे लागले तेवढ्याच रात्रीच्या खेपा. पहाटे उठल्यावरची पहिली लघवी खेप म्हणून दिवसात जाते, पण तिचे माप रात्रीच्या मापात मिळवायचे असते, कारण ती रात्रभरात साठलेली असते. मापासाठी जुना प्लास्टिकचा मग्गा घ्या आणि त्यावर 100-100 मिलीलिटरच्या खुणा करून द्या, म्हणजे आईंना रेघेसोबत खुणेपर्यंतची उंचीही भिंतीवर दाखवता येईल.