'लाइन गेली' मराठी नाही का?

वीजसुरक्षेचं एक पत्रक इंग्रजीतून मराठीत करून राहिली आहे. पावसाळ्याआधी गावोगावी वाटायचं आहे. मुद्दा एकच: लाइन तुटून खाली पडली असेल तर जवळ जाऊ नका. मी 'लाइन' तसंच ठेवलं. पुण्याच्या संपादकांनी ते खोडून 'वाहिनी' केलं, बाजूला लिहिलं, 'लाइन म्हणजे ओळ किंवा रांग'. आमच्या नागपूरच्या महाल भागात दिवे गेले की लहान पोरही 'लाइन गेली' म्हणतं. वाहिनी म्हटलं की आईला टीव्हीच आठवतो. काय लिहू?

— पुण्यात 'लाइट गेले', आपल्याकडे 'लाइन गेली'. दोन्ही इंग्रजीच. मग त्यांचं तेवढं शुद्ध कसं?

— दोन्ही नकोत. 'वीज' म्हणा. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कुणाला अडतात? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

— काका, रुळेल तेव्हा रुळेल, पत्रक याच जूनमध्ये वाचायचं आहे. आमच्या काटोलकडे वीज आभाळातून पडते आणि लाइन खांबावरून. 'वीज पडली' वाचून माणूस झाडाखालून पळेल, तारेपासून नाही.

— मग 'तार' लिहा ना ताई.

— तार कुंपणालाही असते. रानडुकरांसाठी झटका मशीनची तार लावतात, तिच्याजवळ रोजचा वावर असतो. 'लाइनची तार' लिहा. लाइनमनही हेच म्हणतो.

— थोडं मुळाकडे जातो. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी ती लाइन. दोरी ताणली की रेघ, मग ओळ, रांग, रूळ, तार. लिननही त्याच घरचं. संस्कृतात जवस म्हणजे क्षुमा, त्याचं कापड क्षौम. विदर्भात आपण जवसाची चटणी खातो, धागा तेवढा विसरलो. मला हा शब्द परका वाटतच नाही.

— मूळ सापडलं म्हणून शब्द मराठी होत नाही. 'लाइन' इंग्रजांबरोबर आली. कामठीची छावणी 1821ची. शिपायांच्या बराकी रांगेनं, त्या लाइन्स. मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स.

— म्हणजे दोनशे वर्षं झाली! आमचे आजोबा विचारायचे, 'पोरगा कोणत्या लाइनीत आहे?' लाइनीत! विभक्ती मराठी लागली, आणखी काय हवं?

— नागभीडची छोटी लाइन विसरले का सगळे? रुळांत अडीच फूट अंतर. 2019ला बंद झाली. तिला नॅरोगेज म्हणणारा प्रवासी मला भेटला नाही.

— इतवारीला बसायचो, उमरेडला उतरायचो. खिडकीतून हात काढला की पऱ्हाटीला लागेल असं वाटायचं. मोठी लाइन होते आहे ते बरंच, पण ती गाडी गेली याचं वाईट वाटतं.

— पत्रक उद्या छपाईला जातं आहे. 'लाइनची तार' चालेल का, एवढंच सांगा.

— चालेल. फक्त 'लाईन' लिहा, ई दीर्घ.

— ऱ्हस्वच बरोबर आहे.